दशमीची ओहोटी

“वडील हयात की मयत? रकाना मोकळा सोडून कसं चालेल, म्हात्रे?” हेडक्लार्कनं माझा फॉर्म परत माझ्या टेबलावर टाकला आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढच्या टेबलाकडे गेला. ऑफिसातल्या सगळ्यांची सर्व्हिस बुकं नव्यानं लिहायची होती, त्यासाठी हे फॉर्म. साधा रकाना होता. दोनांतला एक शब्द खोडायचा, आणि मयत असल्यास शेजारी तारीख घालायची. बाकीच्यांनी तो चहा पिता पिता भरून टाकला होता. सात वर्षांपूर्वी नोकरीला लागलो तेव्हा असल्याच एका फॉर्मवर मी ‘हयात’ असं लिहिलं होतं, कारण आईनं तसंच लिहायला सांगितलं होतं. तेव्हा मला ते साफ खोटं वाटत होतं आणि लिहिताना लाज वाटली होती. आता ते खरं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं आताच मला ‘मयत’ लिहायचं होतं. मी टाकाला शाई लावली, ती वाळू दिली, पुन्हा लावली. शेजारच्या टेबलावरचा मुख्तार माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, “लिहून टाक रे काहीतरी. साहेब काय तुझ्या बापाला उठवून विचारणार आहे?” मी हसलो. मला त्या वेळी इतका थकवा आला होता की, कुणी माझ्या हातून टाक घेऊन त्याच्या मनाला येईल ते लिहिलं असतं तरी मी हरकत घेतली नसती.

माझा बाप, बाळाराम म्हात्रे, मिठाचा मचवा चालवायचा. आमचं गाव बेलापूर पट्टीतलं. पुढं खाडी, मागं मिठागरं, आणि मधे आम्ही. मीठ भरायचं, भरतीच्या पाण्यावर मचवा सोडायचा, मुंबईला जाऊन मीठ उतरवायचं आणि रिकामं परतायचं, एवढंच त्याचं आयुष्य होतं. पन्नास सालच्या माघात, वद्य चतुर्थीच्या पहाटे, धुक्यात कुठल्याशा मोठ्या बोटीनं मचव्याला धडक दिली. मचव्यावर तिघं होते. दोघं तिसऱ्या दिवशी तिवरांच्या मुळांत अडकलेले सापडले. त्यांतला एक आमच्या शेजारच्या कमळीकाकीचा नवरा. माझा बाप सापडला नाही. गावातल्या लोकांनी आठ दिवस होड्या घालून खाडी धुंडाळली, मग कंटाळून ते आपापल्या कामाला लागले. म्हाताऱ्या बायका आईच्या बांगड्या फोडायला आल्या तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “मना मानूस दाखवा, मंग बांगऱ्या फोरा.” त्या परत गेल्या. मी चौदा वर्षांचा होतो, शांती सहाची. त्या दिवसापासून एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन बायका राहू लागल्या, एकाच मचव्यावर गेलेल्या दोन माणसांच्या. एक विधवा आणि एक सवाशीण. कमळीकाकी आईला म्हणायची, तुजां बरां हाय भागीरथी, तुना वाट तरी बगता येते. आई रोज कपाळाला कुंकू लावायची, पण आरसा न घेता, अंदाजानं. त्यामुळे ते कधी थोडं डावीकडे जायचं, कधी उजवीकडे. ते सरळ करावं असं मला लहानपणी वाटायचं; पुढं वाटेनासं झालं.

अशी बारा वर्षं गेली, आणि शांतीचं लग्न दिघ्याच्या पोशा पाटलाच्या मुलाशी ठरायला आलं. मुलगा कारखान्यात कामाला होता, शांतीनं त्याला जत्रेत बघितलं होतं, आणि तिच्या वागण्यावरून तिला तो भलताच आवडला आहे हे आम्हांला कळत होतं. पोशा पाटील ओसरीवर बसून सुपारी कातरत म्हणाला, “पोर पसंत हाय आमाला. पन भागीरथीबाय, बारा वर्सां झाली. मानूस हाय तं दाखवा, नाय तं त्याचां करून टाका. ज्याचां काय केलांच नाय, त्याच्या घरातली पोर कशी आनाची?” तो वाईट माणूस नव्हता. गावोगाव सगळे हेच म्हणत. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग त्याची गवताची मूर्ती करून जाळायची आणि त्याला मेला म्हणायचं, हा रिवाज त्यानं काढलेला नव्हता. आई खालच्या मानेनं तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढला, अंगणात फेकला आणि म्हणाली, “करू.” मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. बोलायची वेळ होती ती तेवढीच. मी बोललो नाही, उलट पोशा पाटलाला चहा घेऊन आलो. रात्री शांती मला म्हणाली, “दादा, आये माजे लग्नान हलद नाय लावनार मंग?” मी तिला म्हणालो, बघू. विधवेनं हळदीला हात लावायचा नसतो हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आईला तर ‘करू’ म्हणण्याआधीच ठाऊक असणार.

हरिहरेश्वराचं नाव मुख्तारनं सुचवलं. त्याचं घर म्हसळ्याला. तो म्हणाला, “तुमच्या लोकांचं हे सगळं तिथंच होतं. लांबून लांबून येतात. दक्षिण काशी म्हणतात त्याला. आमच्या घरावरूनच गाडी जाते, अम्मीला चिठ्ठी देतो, जाताना पाणी पिऊन जा.” त्यानंच तिथल्या एका भटजींना पत्र टाकलं आणि आठवड्यानं उत्तर आलं: माघ वद्य दशमीला या, अपराह्णात विधी करू, पळसाची देठं व दर्भ आमच्याकडे मिळेल, नारळ आपला आणावा. महिन्याभरापूर्वीच अष्टग्रही होऊन गेली होती. आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार म्हणून लोकांनी यज्ञ केले होते, आमच्या ऑफिसातल्या दोघांनी तर रजा टाकून बायकापोरांना गावी नेलं होतं. जग बुडलं नाही, ते दोघं परत आले आणि त्यांची रजा बिनपगारी झाली. मीही तेव्हा मनातल्या मनात वाट बघत होतो. बुडालं असतं तर फॉर्म भरायचा राहिला असता.

निघायच्या दिवशी मी पहाटे उठलो तेव्हा चुलीजवळ चिमणी लावलेली होती. आईनं पाट्यावर हळद वाटली होती. शांती पाटावर बसली होती, डोळे मिटून, आणि आई तिच्या पायांना, हातांना, मग गालांना हळद लावत होती. कुणी गाणं म्हणत नव्हतं. लग्नाला अजून दोन महिने होते, तारीखसुद्धा धरलेली नव्हती. आईनं अगदी शेवटी बोटांवर उरलेली हळद शांतीच्या मानेला पुसली आणि म्हणाली, “जा, धुऊन टाक. उजारताना कोन बगल.” मी दाराआड उभा राहून ते पाहिलं आणि मला रडू आलं. मला वाटलं, हे मी करतोय. बोटीनं नाही, धुक्यानं नाही, पोशा पाटलानंही नाही. माझ्या एका वाक्यानं या बाईच्या हातातली हळद दोन महिन्यांनी उघड्या मांडवात लागली असती, आणि ते वाक्य मी चार वर्षं जिभेखाली धरून ठेवलं आहे.

पनवेलहून माणगाव, माणगावहून म्हसळं. मुख्तारच्या अम्मीनं, सफियाबींनी, आम्हांला पडवीत बसवून पाणी दिलं. आईच्या हातांतल्या हिरव्या बांगड्यांकडे आणि माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मुख्तारनं चिठ्ठीत काय लिहिलं होतं कोण जाणे, त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, “रस्ता खराब हाय बाय, पुढं बसा.” आई खरोखरच पुढं बसली. धुळीनं आमची डोकी लाल झाली. मी डोळे मिटून घेतले की दर वेळी तेच येई, ऑफिसाजवळचं माझगावचं बंदर, चार वर्षांपूर्वीचं, ओहोटीचं. त्या दिवशी मी दीडच्या सुट्टीत डबा न घेता सहज खाली बंदरावर गेलो होतो. सगळ्या होड्या गाळात कलंडून पडल्या होत्या. एका होडीच्या सावलीत एक माणूस फळ्यांच्या फटींत तेलात बुडवलेला कापूस ठोकून बसवत होता, आणि दर तीन ठोक्यांनंतर थुंकत होता. तीन ठोके आणि थुंकणं. मी मागूनच ओळखलं. मी सरळ चालत त्याच्यासमोर गेलो. त्यानं वर पाहिलं. म्हणाला, “गोवर्धन का रं? मोटा झालास.” आठ वर्षांनी भेटलेला बाप हे म्हणाला. मग तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, त्या पहाटे एका बोटीनं त्याला उचललं, बंदरावर आणून सोडलं, आणि घरी जायचं म्हणून तो निघालासुद्धा होता. “पन मंग वाटलां, आता मेलूच हाय तं ऱ्हाऊं दे.” एवढंच कारण. मी ते चार वर्षांत हजार वेळा उलटून पाहिलं आहे, त्याच्या खाली दुसरं काही सापडलेलं नाही. तेवढ्यात एक बाई पितळेचा डबा घेऊन आली. काळीसावळी, आईपेक्षा वयानं फारशी लहान नाही, दिसायलाही काही विशेष नाही. तिनं विचारलं नाही मी कोण. केळीच्या पानावर तिनं त्याला वाढलं आणि दुसऱ्या तुकड्यावर मला. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. मला भूक लागली होती आणि मी खाल्लं. निघताना तो म्हणाला, “आयेला सांगू नको.” मी मान हलवली. माझी सुट्टी साडेबाराची होती आणि मी उशिरा टेबलावर पोचलो असं समजून हेडक्लार्क माझ्यावर ओरडला, तर मी त्याला म्हणालो, दीडचीच सुट्टी आहे आज. मला त्या वेळी ते सिद्ध करणं फार महत्त्वाचं वाटलं होतं. पुन्हा मी त्या बंदरावर गेलो नाही. तो अजून तिथं आहे का, हेही मला ठाऊक नाही.

त्या दिवशीची तिथी मला ठाऊक आहे, कारण ती काढायला पंचांग लागत नाही. बापानंच शिकवलेलं गणित आहे ते. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती; सहा तासांनी ओहोटी. मिठागरात पाणी घ्यायची झडप, म्हणजे उघाडी, कधी उचलायची, मचवा कधी सोडायचा, सगळं त्यावर. वैशाख वद्य दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, साडेसातला भरती, दीडला गाळ उघडा. ऑफिसात बसूनही माझं हे चालूच असतं. हरिहरेश्वराच्या वाटेवर श्रीवर्धनला गाडी बदलताना मी नकळत पुन्हा तेच केलं, आणि मला कळलं की माघ वद्य दशमीलाही पाणी त्याच वेळी ओसरणार. पाण्याला महिना कळत नाही, त्याला तिथी तेवढी कळते.

दशमीच्या सकाळी आम्ही देवळात गेलो. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा तिथला क्रम आहे. गुरवानं तो मला दोनदा समजावला तरी मी चुकलो, आईनं माझा दंड धरून मला वळवलं. देऊळ थंड होतं, दगड तेलानं काळे झालेले, आणि समुद्राचा आवाज गाभाऱ्यात भिंतीमागून यावा तसा येत होता. किती शेकडो वर्षं लोक इथं आपापली मेलेली माणसं घेऊन येत असतील, आणि त्यांत एखादं तरी न मेलेलं आलं असेल का, असा विचार मी करत होतो. भटजी भले गृहस्थ निघाले. ओटीवर पळसाची देठं मांडून मोजत बसले होते. तीनशेसाठ लागतात, डोक्याला इतकी, छातीला इतकी, पायांना इतकी. डोक्याच्या जागी नारळ. तो मी घरच्या माडाचा आणला होता. “तुम्ही दोनपर्यंत या,” ते म्हणाले, “तोवर मी हे बांधून ठेवतो. बाईंना प्रदक्षिणा करायची असेल तर आत्ताच करून घ्या, ओहोटी आहे. नंतर वाट पाण्याखाली जाते.” मग थोडं घुटमळून, दुसरीकडे बघत, म्हणाले, “सवाष्णपणी केलेली बरी.” आई म्हणाली, “त्यासाटीच थांबलीय.”

देवळामागून पायऱ्या चढून जायचं, मग डोंगर मधोमध चिरल्यासारखी एक घळ आहे, तिच्यातून सरळ समुद्रात उतरायचं. आई माझ्या पुढं होती. तिनं लुगडं वर खोचलं होतं आणि ती अशी भराभरा उतरत होती की जणू खाली भाकऱ्या करपत होत्या. खाली पोचलो तर सबंध किनारा खडकांचा, आणि खडक सगळे पाण्यानं खाल्लेले. भोकं भोकं पडलेले, हात लावला तर कातडी निघेल असे. पाणी लांब गेलं होतं. खळग्याखळग्यांत ते साचून राहिलं होतं आणि त्यात आकाश दिसत होतं. मी घड्याळ बघितलं नाही. एक वाजून गेला असणार. आईनं समुद्राला हात जोडले, कनवटीची कुंकवाची पुडी सोडून थोडं पाण्यात टाकलं, थोडं स्वतःला लावलं. आज ते बरोबर मधोमध लागलं. मग तिथंच एका खडकावर बसून ती बोटांनी त्याच्या कडा चाचपू लागली. “कालवां हान बग कवरी,” ती म्हणाली. “कोयता आनला असता तं.” ज्या बाईला आज विधवा व्हायचं होतं तिला खडकाला चिकटलेली कालवं दिसली, आणि मला तिची इतकी माया आली की मी उभा होतो तिथंच खाली बसलो. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर सगळं थांबेल. भटजींना पैसे देऊन मोकळं करू, पोशा पाटलाला काय ते सांगू, शांती रडेल, दुसरं स्थळ येईल. हिच्या बांगड्या राहतील. मी तिला काहीतरी देतो आहे असं मला वाटत होतं, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढं त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

“आये,” मी म्हणालो, “बा जिता हाय. मी बगलाय त्याला.”

तिची बोटं खडकावर थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“कवा?”

“चार वर्सां झाली. माझगावला. बंदरावर.”

“कंची तीथ?”

मला ते ऐकून बरं वाटलं. दुसऱ्या कुठल्या बाईनं हे विचारलं नसतं. “वैशाख वद्य दशमी,” मी म्हणालो. “आजसारकीच ओहोटी व्हती.”

“एकला व्हता?”

“नाय.”

एक लाट कुठंतरी घळीत शिरून परत गेली. “तू काय केलास मंग?”

“बसलू. बोललू त्याच्याशी.”

“जेवलास?”

हा प्रश्न येईल असं मला चार वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली होती, तो कसा दिसतो, का आला नाही, काय म्हणाला. मी खोटं बोलू शकलो असतो. पण खोटं बोलायला जो जोर लागतो तो माझ्यात उरला नव्हता.

“जेवलू,” मी म्हणालो.

“तिच्या हातचां?”

“हं.”

“मीठ कसां व्हता?”

मला आमच्या घरातलं जेवण आठवलं, मी लहान असतानाचं. बाप पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, मिठागरातली बाई आन मीठ घालाला हात आखरते. रोज. आई उठून मिठाचं मडकं त्याच्या पानाशी आणून ठेवायची. तो गेल्यावर बारा वर्षं ते मडकं त्याच जागी राहिलं, आम्ही दोघं भावंडं जेवताना त्याला वळसा घालून बसायचो.

“बरोबर व्हता,” मी म्हणालो.

आईनं मान हलवली, बाजारात कुणी भाव सांगितल्यावर हलवतात तशी. मग तिनं उजवा हात उचलला आणि मनगट खडकावर आपटलं. मग डावा. घाई नाही, जोर नाही. जितका लागतो तितकाच. दोन बांगड्या राहिल्या, त्या तिनं पुन्हा आपटल्या. हिरव्या काचा भोकांत पडल्या, काही पाण्यात गेल्या. तिच्या मनगटातून रक्त आलं, ते तिनं समुद्राच्या पाण्यानं धुतलं आणि त्याच ओल्या हातानं कपाळ पुसलं. मी “आये, आये” म्हणत तिचा हात धरायला गेलो, तर तिनं तो काढून घेतला. रागानं नाही. आपल्याला उठताना कुणी उगाच हात देऊ लागलं तर काढून घेतो तसा.

“बुरालेल्याची बायको मी बारा वर्सां ऱ्हायली,” ती म्हणाली. “जित्याची नाय ऱ्हानार.” ती उठली, लुगडं झटकलं. “चल. बामन खोलंबला असंल.” चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि मागं न वळता म्हणाली, “शांतीला सांगू नको.” मी मान हलवली. तिनं ती पाहिली नाही, तरी मी हलवली. दोघांनाही मी हाच एक जबाब दिला आहे. उरलेली प्रदक्षिणा आम्ही पुरी केली. डोंगराला वळसा घालून वाळूवर आलो तेव्हा मला तिच्या पाठीमागून चालताना कळलं की ही बाई मला या जन्मात पुन्हा काही विचारणार नाही, आणि मी ते सहन करीन, कारण मी सगळंच सहन करतो.

भटजींनी मूर्ती बांधून ठेवली होती. दर्भाचं अंग, पळसाची हाडं, वर आमच्या माडाचा नारळ, त्याची शेंडी थोडी बाजूला कलली होती. माणसासारखी ती दिसत नव्हती, पण बघताना मला तिच्या हातांत कापूस आणि ठोकणी असायला हवी असं वाटून गेलं. भटजींनी आईचे उघडे हात पाहिले, कपाळ पाहिलं. “अहो, ते विधीनंतर करायचं असतं,” ते म्हणाले, मग त्यांनी तिला बसायला पाट दिला. मला न्हाव्याकडे पाठवलं, आंघोळ करायला लावली, ओल्या पंचानं समोर बसवलं. डोक्यावरून वारा गेला की थंडी वाजत होती. माझ्या तळहातावर काळे तीळ पडले. “संकल्प करू या,” भटजी म्हणाले. “तिथी माघ वद्य चतुर्थीच धरायची ना? पत्रात तसं लिहिलं होतं. पुढं दर वर्षी श्राद्ध त्याच तिथीला येईल, म्हणून एकदा विचारून घेतो.”

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

“नाय,” आई म्हणाली. “वैशाख वद्य दशमी.”

भटजी थांबले. “वैशाख? होडी माघात बुडाली ना बाई?”

“होरी माघान बुरली. मानूस वैशाखान गेला.” तिनं मोकळ्या हातानं माझ्याकडे बोट केलं. “याला इचारा. हा व्हता तिथं.”

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, बापाच्या अंतकाळी जवळ असलेल्या मुलाबद्दल असते ती. “होतात तुम्ही?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. खडकावर सबंध वेळ जिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ती आता बघत होती. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत काही मागणं नव्हतं.

“होतो,” मी म्हणालो.

“मग तीच धरायची,” भटजी म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर पाणी सोडलं. त्यांनी तिथी उच्चारली, मला उच्चारायला लावली, आणि मी ती मोठ्यानं म्हटली. महिना, पक्ष, तिथी, आणि बापाचं नाव. ऑफिसचा फॉर्म पिशवीत घडी करून ठेवलेला होता, त्यातल्या तारखेच्या रकान्याची आता अडचण उरली नव्हती. पळसाच्या देठांना भटजींनी माझ्याच हातून विस्तव लावला. दर वर्षी वैशाखात त्या दिवशी मला रजा टाकावी लागणार, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं. रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागणार, आणि दुपारी गावी आईसमोर पाटावर बसून, तिनं वाढलेलं पहिलं पान बापासाठी बाहेर ठेवून, मग दुसऱ्या पानावर मला जेवावं लागणार.